कॉम्बी बॉयलर घेताना: ब्रिटनमध्ये घर घेतलेल्या मराठी कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये घर घेतल्यावर पहिल्या हिवाळ्यातच बॉयलरचा विषय निघतो. दुकानात आणि जाहिरातीत सगळा भर किलोवॅटवर असतो. पण रस्त्यावरच्या पाइपातून तुमच्या घरात मिनिटाला किती लिटर पाणी येतं, हे आधी पाहायला हवं. तो आकडा हातात असला की खालचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

कॉम्बी बॉयलर म्हणजे नेमकं काय?

भिंतीवरची एकच पेटी दोन कामं करते. रेडिएटरमधलं पाणी तापवून फिरवते आणि गरम नळ उघडला की मेन्सचं, म्हणजे रस्त्यावरच्या पाइपातून थेट येणारं, थंड पाणी तिथल्या तिथे तापवून देते. गरम पाणी साठवायची टाकी लागत नाही, लॉफ्टमधली (छपराखालच्या माळ्यावरची) थंड पाण्याची टाकीही लागत नाही.

नळ उघडला की आतल्या सेन्सरला पाण्याचा प्रवाह कळतो. मग डायव्हर्टर व्हॉल्व रेडिएटरची वाट बंद करतो आणि बॉयलरमधलं गरम पाणी एका छोट्या प्लेट हीट एक्स्चेंजरकडे वळवतो. पातळ पत्र्यांच्या या गठ्ठ्यात एका बाजूने ते गरम पाणी आणि दुसऱ्या बाजूने नळाचं पाणी वाहतं. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. रेडिएटरची वाट बंद असल्याने कोणी आंघोळ करत असताना ते थांबलेले असतात. दहा मिनिटांत घर थंड पडत नाही, पण जानेवारीत पाच जण लागोपाठ आंघोळीला गेले तर फरक जाणवतो.

आपल्याकडच्या गॅस गीझरसारखा यात गुदमरण्याचा धोका असतो का?

बंद बाथरूममधला गीझर खोलीतलीच हवा वापरतो आणि जळलेला वायूही तिथेच सोडतो, म्हणून माणसं दगावतात. आजचे कॉम्बी बॉयलर रूम-सील्ड, म्हणजे खोलीच्या हवेपासून बंदिस्त, असतात. एकात एक बसवलेल्या दुहेरी फ्लूमधून (धुराच्या नळीतून) हवा बाहेरून आत येते आणि धूर बाहेर जातो. खोलीच्या हवेशी ज्योतीचा संबंध येत नाही. तरीही फ्लूचा सांधा सुटू शकतो, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. इंग्लंडमध्ये नवा बॉयलर बसवताना तो बंधनकारक आहे. बीएस ईएन ५०२९१ हे मानक पाहून घ्या आणि बॉयलरच्याच खोलीत, त्याच्यापासून १ ते ३ मीटरवर लावा.

तीन बेडरूमच्या घराला किती किलोवॅटचा बॉयलर लागतो?

या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं आहेत आणि विकणारा बहुधा ती एकत्र करतो.

घर गरम ठेवायला फार कमी शक्ती पुरते. भिंती आणि लॉफ्टमध्ये इन्सुलेशन असलेल्या तीन बेडरूमच्या सेमी-डिटॅच्ड घराला कडाक्याच्या थंडीतही साधारण ६ ते १० किलोवॅट लागतात. रेडिएटर मोजून प्रत्येकी दीड किलोवॅट धरायची जुनी पद्धत यापेक्षा बराच फुगवलेला आकडा देते.

मोठा आकडा लागतो तो नळाच्या पाण्याला. हिवाळ्यात मेन्सचं पाणी ५ अंशांपर्यंत उतरतं आणि आंघोळीला ४० अंश हवं असतं, म्हणजे ३५ अंशांची वाढ. तेवढी वाढ करून २४ किलोवॅटचा बॉयलर मिनिटाला ९.८ लिटर देतो. ३० किलोवॅटचा १२.३, ३५ चा १४.३ आणि ४० चा १६.४ लिटर. हे साधं गणित आहे, कुठल्याही ब्रँडला चुकत नाही. माहितीपत्रकात याहून मोठा आकडा दिसला तर तापमानातली वाढ किती धरली आहे ते पाहा. ३० अंश धरले की तोच बॉयलर कागदावर जास्त पाणी देताना दिसतो.

साधा शॉवर मिनिटाला ७ ते ९ लिटर घेतो, डोक्यावरचा मोठा रेन शॉवर १२ आणि त्याहून जास्त. एक बाथरूम आणि साधा शॉवर असेल तर २४ ते ३० किलोवॅट पुरतात.

बॉयलर निवडताना दोन आकडे विचारा: नळासाठीची कमाल शक्ती आणि हीटिंगसाठीची किमान शक्ती. दुसरा कोणी आपणहून सांगत नाही. ऑक्टोबरमध्ये घराला २–३ किलोवॅटच लागत असतील आणि बॉयलर ७ च्या खाली उतरतच नसेल, तर तो दर काही मिनिटांनी पेटत-विझत राहतो. गॅस वाया जातो, सुटे भाग झिजतात. ३ किलोवॅटपर्यंत उतरणारा बॉयलर पाहा. हीटिंगची कमाल शक्तीही घराच्या गरजेइतकी खाली लावता येते. बसवून देणाऱ्याला ते आवर्जून करायला सांगा, कारण बॉयलर कारखान्यातून येतो तसाच सोडला जाणं फार नेहमीचं आहे.

मेन्सचं पाणी कसं मोजायचं?

बादली आणि घड्याळ पुरे. बादलीत मापाने १० लिटर पाणी ओतून आतून खूण करा आणि रिकामी करा. स्वयंपाकघराचा थंड नळ बहुतेक घरांत थेट मेन्सवर असतो. तो पूर्ण उघडा आणि खुणेपर्यंत भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. ६० सेकंद लागले तर मिनिटाला १० लिटर, ४० लागले तर १५, ३० लागले तर २०. नळाच्या तोंडाची जाळी पाणी अडवते, ती काढता आली तर काढा. बागेत नळ असेल तर तिथे मोजणं जास्त खरं.

हे सकाळी सात-आठच्या सुमारास करा. गल्लीतली सगळी घरं त्याच वेळी पाणी ओढत असतात आणि तुमचीही आंघोळीची वेळ तीच. दुपारी तीन वाजता मोजलेला आकडा फसवतो. मग दुसरीकडचा एक नळ उघडा ठेवून पुन्हा मोजा. पहिल्या नळाची धार किती पडते ते दिसेल, आणि दोन बाथरूमचा निर्णय तिथेच होईल.

आता बॉयलरकडे पाहा. मेन्समधून मिनिटाला ११ लिटर येत असतील तर ४० किलोवॅटचा बॉयलरही ११ च लिटर देणार. वरचे पैसे पाण्यात. पाणी कमी असेल तर आधी स्टॉपकॉक (घराचं सगळं पाणी बंद करायचा मुख्य व्हॉल्व) पूर्ण उघडा आहे का पाहा, ते कित्येकदा अर्धवट फिरवलेले असतात. मग रस्त्यापासून घरापर्यंतचा पाइप तपासा. ओळीने एकमेकांना जोडून बांधलेल्या जुन्या टेरेस घरांत तो शिशाचा, बारीक किंवा शेजाऱ्याशी सामाईक असू शकतो. २५ मिमीचा निळा प्लास्टिकचा पाइप टाकून घेतला की बरेचदा चित्र बदलतं. इंग्लंड-वेल्समध्ये पाणी कंपनीने हद्दीवर मिनिटाला ९ लिटर प्रवाहाला १ बार दाब द्यावा असा दंडक आहे. त्याहून कमी मिळत असेल तर कंपनीकडे तक्रार करा.

दोन बाथरूम आहेत. कॉम्बी चालेल?

दोन शॉवर एकाच वेळी लागणार असतील तर चालणार नाही, असंच आमचं मत. मेन्स २० लिटर देत असेल आणि बॉयलर ४० किलोवॅटचा असेल तरच दोन साधे शॉवर कसेबसे निभावतात, आणि मध्येच कोणी स्वयंपाकघरात गरम नळ उघडला की दोघांनाही चटका किंवा हुडहुडी. अशा घरात सिस्टिम बॉयलर आणि त्याने तापवलेलं पाणी मेन्सच्या दाबाखाली साठवणारं १८० ते २१० लिटरचं प्रेशराइज्ड सिलिंडर जास्त सुखाचं. मात्र तिथेही मेन्सचा प्रवाह चांगला हवा आणि सिलिंडर बसवणाऱ्याकडे जी-३ ही अशा सिलिंडरच्या कामाची पात्रता हवी.

आंघोळी एकामागून एक होत असतील तर गोष्ट वेगळी. कॉम्बीचं पाणी संपत नाही. नरक चतुर्दशीला पहाटे घरात नऊ माणसं असली तरी नवव्यालाही पहिल्याइतकंच गरम पाणी मिळतं. टाकीवाल्या घरात चौथ्या-पाचव्याला थांबावं लागतं.

मधला मार्गही आहे. दुसऱ्या बाथरूममध्ये ९.५ किलोवॅटचा इलेक्ट्रिक शॉवर बसवा. हिवाळ्यात तो मिनिटाला चारच लिटर देतो, धार बारीक असते. पण बॉयलर बंद पडला तर त्या दिवशी घरात आंघोळ होते, आणि बॉयलर बंद पडतो तो थंडीतच.

बादलीने आंघोळ करतो आणि बारीक धारेखाली भांडी घासतो. काही अडचण?

बादलीला कॉम्बी उत्तम. १५ लिटरची बादली १० लिटरच्या प्रवाहाने दीड मिनिटात भरते आणि नळ बंद केला की गॅसही बंद. बारीक धारेची मात्र अडचण आहे. मिनिटाला साधारण २ ते २.५ लिटरपेक्षा कमी पाणी वाहिलं तर सेन्सरला ते कळतच नाही आणि बर्नर पेटत नाही. हात धुताना पाणी थंडच येतं आणि वाटतं बॉयलर बिघडला. धार थोडी मोठी करा, नाहीतर भांडी टबात पाणी घेऊन घासा.

नळ उघडल्यावर गरम पाणी यायला वेळ लागतो, तो वाटेतल्या पाइपातल्या गार पाण्यामुळे. २२ मिमीच्या दहा मीटर पाइपात सव्वातीन लिटर पाणी असतं, १५ मिमीच्या तेवढ्याच पाइपात दीड लिटरही नाही. जुन्या टाकीच्या काळातला जाड पाइप तसाच ठेवला तर प्रत्येक वेळी वीस सेकंद थांबावं लागतं.

गॅसचा पाइप बदलावा लागेल का?

जुना बॉयलर १५ मिमीच्या पाइपावर असेल तर बहुधा हो. ३० किलोवॅटचा बर्नर पूर्ण पेटला की तासाला सुमारे ३ घनमीटर गॅस लागतो. मीटरपासून बॉयलरपर्यंत दाब १ मिलिबारपेक्षा जास्त घटता कामा नये, आणि लांबच्या वाटेवर ते २२ मिमीच्या पाइपाशिवाय साधत नाही. पाइप बारीक राहिला तर शॉवर पूर्ण सोडल्यावर बॉयलर गचके खातो किंवा विझतो.

यात एक घरगुती मुद्दा आहे. शेगडीही त्याच पाइपावर असते. सणाच्या सकाळी चारही बर्नर चालू असतात, एकावर पुरण, एकावर कटाची आमटी, आणि वर कोणीतरी शॉवर घेत असतं. दाबाची चाचणी शेगडीसकट सगळी उपकरणं पूर्ण पेटवून व्हायला हवी. इंजिनिअरला तसं स्पष्ट सांगा.

जुनी टाकी काढून कॉम्बी बसवायचा आहे. काय बिघडू शकतं?

लॉफ्टमधल्या टाकीवर चालणाऱ्या जुन्या व्यवस्थेत दाब नाममात्र असतो. कॉम्बीत रेडिएटरचं पाणी बंद चक्रात १ ते १.५ बार दाबाखाली असतं. वीस वर्षांत एकदाही न गळलेला रेडिएटर किंवा लाद्यांखालचा सांधा नव्या दाबाने आठवड्याभरात पाझरू लागतो. म्हणून शंकास्पद व्हॉल्व आणि कुजलेले रेडिएटर त्याच वेळी बदला. शॉवरला जोडलेला पंप काढावाच लागतो, कारण मेन्सवर तो चालवता येत नाही.

जुन्या पाइपांतला काळा गाळ ही सर्वांत मोठी कटकट. आतून गंजलेल्या रेडिएटरचा हा लोहकण, शाईसारखा काळा. तो नव्या बॉयलरच्या बारीक वाटांत जाऊन बसतो. बसवण्याआधी चक्र धुऊन काढणं, मग गंजरोधक रसायन घालणं आणि बॉयलरकडे परतणाऱ्या पाइपावर मॅग्नेटिक फिल्टर लावणं, ही तिन्ही कामं व्हायला हवीत. फिल्टर दरवर्षी उघडून साफ करतात. पहिल्या वर्षी त्यातून निघालेला चिखल एकदा स्वतः पाहा.

लंडनचं पाणी जड आहे. बॉयलर किती टिकेल?

लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये पाण्यात चुना भरपूर असतो. स्कॉटलंडमध्ये आणि वेल्सच्या बहुतेक भागात पाणी मऊ आहे. किटलीच्या तळाशी जमतो तोच पांढरा थर प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये जमतो. खूण अशी की पाणी गरम-कोमट-गरम असं होत राहतं, आणि बॉयलर किटलीसारखा घुमतो. पाणी कंपनीच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की कठीणपणा कळतो. तो लिटरला २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर थंड पाण्याच्या पाइपावर चुना रोखणारं उपकरण लावून घ्या. सॉफ्टनर लावायचा असेल तर आधी बॉयलरच्या पुस्तिकेत परवानगी आहे का ते वाचा. आणि नळाचं तापमान ६० वर ठेवू नका, ४८ ते ५० पुरे. चुना तापलेल्या पाण्यातूनच सुटतो. साठवलेल्या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून सिलिंडर ६० अंशांवर ठेवतात. कॉम्बीत पाणी साठतच नाही, म्हणून तिथे तो नियम लावायची गरज नाही.

बॉयलर कुठे बसवावा?

स्वयंपाकघर किंवा युटिलिटी, बाहेरच्या भिंतीवर. समोर सर्व्हिसिंगसाठी साधारण ६० सेंमी मोकळी जागा ठेवा. मसाल्यांच्या बरण्यांनी ती भरून टाकू नका. फ्लूचं तोंड उघडणाऱ्या खिडकीपासून किमान ३० सेंमी दूर हवं, आणि हिवाळ्यात त्यातून दिसणारी पांढरी वाफ शेजाऱ्याच्या दारात जाऊ नये. फ्लॅट लीजहोल्ड असेल तर बाहेरच्या भिंतीला भोक पाडण्याआधी फ्रीहोल्डरची (इमारतीच्या मूळ मालकाची) लेखी परवानगी घ्या.

बॉयलरमधून किंचित आम्लधर्मी पाणी सतत ठिबकतं, त्याच्या कंडेन्सेट पाइपाकडे कोणी लक्ष देत नाही. तो शक्यतो घरातल्या घरात सांडपाण्याला जोडा. बाहेरून न्यावाच लागला तर ३२ मिमीचा, मीटरमागे ५ सेंमी उतार दिलेला आणि इन्सुलेशन गुंडाळलेला हवा. कडाक्याच्या रात्री बारीक पाइप गोठतो, बॉयलर गुडगुडतो आणि सकाळी बंद. अशा वेळी पाइपावर कोमट पाणी ओता, उकळतं नको, आणि मग रीसेट दाबा.

कोणता ब्रँड चांगला?

वूस्टर बॉश, व्हेलंट, आयडियल, बॅक्सी, व्हीसमन यांपैकी कोणताही नीट बसवला तर चांगला चालतो, आणि वाईट बसवला तर कोणताही त्रास देतो. तुमच्या भागातला इंजिनिअर कोणत्या ब्रँडचे भाग सोबत बाळगतो, हे विचारणं जास्त कामाचं. वॉरंटी ५ वर्षांची की १० ची हे पाहताना अटीही वाचा: बसवल्यावर बहुधा ३० दिवसांत नोंदणी आणि दरवर्षी सर्व्हिसिंग. एक वर्ष चुकलं की वॉरंटी गेली.

बसवणारा खरा इंजिनिअर आहे हे कसं ओळखायचं?

गॅसचं काम करणाऱ्याची गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असणं कायद्याने सक्तीचं आहे. १ एप्रिल २००९ पासून कॉर्गीची जागा या नोंदवहीने घेतली, म्हणून फक्त कॉर्गीचं नाव सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ओळखपत्र मागा आणि ते उलटून पाहा. कोणकोणत्या कामांची पात्रता आहे आणि ती कधीपर्यंत, ते मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. ओळखीतून, व्हॉट्सॲप ग्रुपवरून आलेल्या माणसालाही हाच नियम.

काम झाल्यावर दोन कागद हवेत. बॉयलरच्या पुस्तिकेच्या शेवटी असलेलं, बसवून चालू करताना भरलेलं कमिशनिंग पत्रक, आणि बिल्डिंग रेग्युलेशन्सचं प्रमाणपत्र. दुसऱ्यासाठी इंजिनिअर ३० दिवसांत नोंद करतो आणि कागद पोस्टाने येतो. घर विकताना सॉलिसिटर तो मागतातच.

कोटेशनमध्ये काय पाहावं?

घरी न येता फोनवर दिलेला भाव धरू नका. आलेल्या माणसाने पाण्याचा प्रवाह मोजला का? मीटरपासून गॅसचा पाइप कुठून येतो ते पाहिलं का? घराची उष्णता किती निसटते याचा अंदाज घेतला का? तिन्हींचं उत्तर नाही असेल तर त्याने फक्त जुन्या बॉयलरच्या पाटीवरचा आकडा वाचला. कोटेशनमध्ये मॉडेलचं पूर्ण नाव, फ्लश (चक्र धुणं), फिल्टर, गॅस पाइप, कंडेन्सेटची वाट, थर्मोस्टॅट, जुनं सामान उचलणं आणि व्हॅट हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या.

थर्मोस्टॅट कोणता, आणि रेडिएटरचं तापमान किती ठेवावं?

इंग्लंडमध्ये एप्रिल २०१८ पासून कॉम्बीसोबत वेळ आणि तापमानाचं नियंत्रण, शिवाय चारपैकी एक जादा सोय देणं सक्तीचं आहे. त्यातली वेदर किंवा लोड कॉम्पेन्सेशन घ्या. बाहेर किंवा आत किती थंडी आहे त्यानुसार बॉयलर स्वतः पाण्याचं तापमान वरखाली करतो.

रेडिएटरचं पाणी ७५ अंशांवर ठेवलेलं असतं, ते ६० वर आणा, घर उबदार राहत असेल तर ५५ वर. परतणारं पाणी ५५ च्या खाली आलं तरच बॉयलर धुरातल्या वाफेची उष्णता नीट परत मिळवतो. ज्या कार्यक्षमतेसाठी पैसे मोजले ती ७५ वर मिळत नाही. रेडिएटर हाताला कमी गरम लागतील आणि जास्त वेळ चालू राहतील, ते बरोबरच आहे.

प्रेशर सारखं खाली येतं. काय करू?

थंड असताना काटा १ ते १.५ बारच्या मध्ये हवा. कमी झाला तर फिलिंग लूपचे (मेन्सचं पाणी चक्रात भरायच्या जोडनळीचे) व्हॉल्व हळू उघडून पाणी भरा आणि दोन्ही घट्ट बंद करा. वर्षातून एकदा भरावं लागणं ठीक, दर आठवड्याला नाही.

काटा कसा हलतो त्यावरून दुखणं कळतं. हीटिंग चालू असताना ३ बारपर्यंत चढून थंड झाल्यावर शून्यावर येत असेल, तर एक्स्पान्शन व्हेसलमधली (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या डब्यातली) हवा गेली आहे. बाहेरच्या भिंतीतल्या तांब्याच्या नळीतून पाणी ठिबकताना दिसेल. न चढता नुसताच उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. आपोआप चढत असेल तर फिलिंग लूप उघडा राहिलाय किंवा प्लेट एक्स्चेंजर आतून फुटलाय. आणि हीटिंग चालू असतानाच नळाला गरम पाणी येत असेल तर डायव्हर्टर व्हॉल्व अडकलाय.

भाड्याच्या घरात राहतो. खर्च कोणाचा?

घरमालकाचा. दुरुस्तीही त्याचीच आणि दरवर्षीची गॅस तपासणीही. तपासणीनंतर २८ दिवसांत प्रमाणपत्राची प्रत तुम्हाला मिळायला हवी.

कॉम्बीऐवजी हीट पंप घ्यावा का?

हीट पंप विजेवर चालतो आणि बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणतो. घरात इन्सुलेशन चांगलं असेल, सिलिंडरला जागा असेल आणि घाई नसेल तर दोन्हींची कोटेशनं घ्या. इंग्लंड-वेल्समध्ये अशा (एअर सोर्स) हीट पंपासाठी ७,५०० पौंडांचं सरकारी अनुदान आहे. बॉयलर बंद पडून घर गारठलेलं असताना हा विचार होत नाही, म्हणून जुना चालू असतानाच करा.

आई-वडील सहा महिन्यांसाठी येताहेत आणि दिवसभर घरात एकटे असतील. त्यांना काय दाखवून ठेवावं?

थर्मोस्टॅट २१ वर ठेवा आणि दुपारीही चालू राहील असं वेळापत्रक लावा. थर्मोस्टॅट वाढवला की घर लवकर तापतं, असा समज असतो. तसं होत नाही, हे आधीच सांगा. शॉवरला पाण्याचं तापमान स्थिर ठेवणारा थर्मोस्टॅटिक मिक्सर नसेल तर आई-वडील यायच्या आधी बसवून घ्या. स्टॉपकॉक, मीटरजवळचा गॅसचा खटका, प्रेशरचा काटा आणि रीसेटचं बटण त्यांच्या हाताने एकदा फिरवून-दाबून घ्या. रीसेट दोनदा दाबूनही बॉयलर पेटला नाही तर पुन्हा दाबायचं नाही.

अलार्मची चाचणी वाजवून त्याचा आवाज ऐकवा. अलार्म वाजला किंवा गॅसचा वास आला तर विजेचं बटण दाबायचं नाही, देवापुढचा दिवा किंवा उदबत्ती लावायची नाही. खिडक्या उघडून, हाताशी असेल तर खटका बंद करून बाहेर पडायचं आणि बाहेरून ०८०० १११ ९९९ ला फोन करायचा. ही सेवा चोवीस तास आणि मोफत आहे. हा क्रमांक आणि घराचा पोस्टकोड मराठीत मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, आणि त्यांच्या फोनमध्येही साठवून द्या.